हेमलता मॅडम आणि चिमणीतली ड्रॅगनीण

हेमलता मॅडम गेल्याची बातमी आमच्या क्रोशाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता आली आणि आठ वाजेपर्यंत तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. नऊला आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. "तुम्ही सेक्रेटरी आहात, मॅडमना जवळून ओळखत होता. श्रद्धांजलीच्या चार ओळी लिहून द्या की." मी दिल्या लिहून. कलेला वाहिलेलं जीवन, भरून न येणारी पोकळी, वगैरे. पोस्टात तेहतीस वर्षं काढली आहेत मी, छापील नमुना भरून द्यायला मला वेळ लागत नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या चार ओळी लिहिल्यापासून तोंडाला एक कडवट चव आली आहे आणि ती चहानंही जात नाही. म्हणून हे बाकीचं लिहून काढते आहे.

जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीचा हॉल आहे. तिथं दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता मॅडमचा क्रोशाचा वर्ग भरायचा. ज्या गावात आठ महिने पंख्याखालून उठवत नाही, त्या गावात आम्ही वीसएक बायका मांडीवर लोकर घेऊन घाम पुसत बसायचो. मॅडम खुर्चीवर बसायच्या. मोतिया रंगाची साडी, केसांना मेंदी, गळ्यात सोन्याच्या साखळीला लावलेला चष्मा. तो चष्मा डोळ्यांवर चढलेला मी फारसा पाहिला नाही. तो हातात धरून बोलण्यासाठी होता.

त्या स्वतःला पुण्याच्या म्हणवायच्या. "आमच्या पुण्यात हे असं चालायचं नाही," हे वाक्य दर वर्गाला एकदा यायचंच. पुण्यात त्या लग्नानंतर दोन वर्षं राहिल्या होत्या. बाकी जन्म, शाळा, माहेर सगळं टेंभुर्णीचं. यात लाजण्यासारखं काय आहे, मला कधी कळलं नाही. माझं माहेर दुधनीचं, घरात अर्धं कानडी बोललं जायचं, मी ते कधी लपवलं नाही. मॅडमनी टेंभुर्णी जिभेखाली दाबून ठेवली होती, पण राग आला की ती उसळून वर यायची. एकदा कुणीतरी त्यांच्या पर्सवर चहा सांडला. क्षणात पुणं गळून पडलं. "आगं ये, डोळं फुटलं का तुजं? कुटं बघायलीस?" मॅडमनी रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "असो. आपण कुठे होतो?" खरं सांगायचं तर मला त्या फक्त त्या एका मिनिटापुरत्या आवडल्या होत्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कला बोटात नसते गं, दृष्टीत असते. बोटं काय, कुणाचीही चालतात." हे म्हणताना त्या दोन बोटांनी हवेतून काहीतरी उचलायच्या. बायका माना डोलवायच्या. नव्यानं आलेल्या तर वहीत लिहून घ्यायच्या.

बोटांबद्दल त्या इतक्या बेफिकीर का होत्या, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मॅडमच्या पिशवीत त्यांचं स्वतःचं एक काम कायम असायचं, अबोली रंगाची अर्धवट शाल. वर्ग सुरू झाला की ती मांडीवर यायची, सुईला दोरा गुंडाळला जायचा, आणि बोलता बोलता वर्ग संपायचा. मला शंका आली. एकदा त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या तेव्हा मी त्या शालीच्या चालू ओळीत लाल दोऱ्याचा एक बारीकसा तुकडा बांधून ठेवला. दिवाळी झाली, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली, उन्हाळा आला. लाल दोरा होता तिथंच होता. त्याच्या पुढं एकही टाका चढला नव्हता. हा माझा हलकटपणा होता हे मान्य आहे, पण त्या दोऱ्यानं मला जेवढं करमणुकीचं सुख दिलं तेवढं टीव्हीनंही दिलेलं नाही.

आमची कामं तपासायची मात्र त्यांची खास पद्धत होती. पूर्ण झालेला रुमाल हातात घ्यायचा, दोऱ्याचं शेवटचं टोक शोधायचं आणि ओढायचं. आम्ही शिकाऊ बायका, आमची टोकं कच्ची. सर्रकन दोन ओळी उसवायच्या. "बघितलंत? घाई!" एवढं म्हणून त्या रुमाल परत द्यायच्या. कसं पक्कं करायचं, ते मात्र सांगायच्या नाहीत. माहीतच नसेल तर कुठून सांगणार?

अशा वर्गात लक्ष्मक्का आली.

आली म्हणजे, ती आधीपासून होतीच. हॉल झाडायचं, सतरंज्या घालायचं काम तिच्याकडं होतं. शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला होता. लेकीची मुलगी श्रावणी हिच्याकडंच वाढत होती. लक्ष्मक्कानं आयुष्यभर विड्या वळल्या होत्या. झाडून झालं की ती दारापाशी बसून आमचे हात बघायची. एक दिवस मी जुनी सुई आणि उरलेली लोकर तिला दिली. आठवड्यानं तिनं मला एक गोल रुमाल आणून दाखवला. मी तीन महिने धडपडत होते तो नमुना.

मॅडमनी तिला वर्गात बसायची परवानगी दिली, पण सतरंजीच्या बाहेर, दाराजवळ. "तिला मोकळं वाटेल," म्हणाल्या. मोकळं कुणाला वाटलं ते सगळ्यांना दिसत होतं.

लक्ष्मक्काच्या रुमालाची तपासणी मला अजून आठवते. मॅडमनी टोक शोधलं. सापडेना. चष्मा खरोखर डोळ्यांवर चढला. शेवटी एक बारीक बिंदू सापडला, तो त्यांनी नखांत धरून ओढला. काही होईना. दुसऱ्यांदा ओढला. रुमाल नुसता वेडावाकडा झाला आणि सोडल्यावर परत जागेवर गेला.

"हे काय केलंयस तू?" मॅडमनी विचारलं.

"विडीचं तोंड मिटवतो बगा, तसं मिटवलंय मॅडम," लक्ष्मक्का म्हणाली. "पान आत दाबायचं, नखानं. मग तंबाकू सांडत न्हाय. दोऱ्याला बी तसंच केलं."

कुणीतरी "वा!" म्हणालं. मॅडमनी पिशवीतून कात्री काढली, तो बिंदू कच्चकन कापला, दोन ओळी उसवल्या आणि रुमाल सगळ्यांना दाखवला. "कापावं लागलं. म्हणजे पद्धत चुकीची." बायकांनी आपापल्या मांडीवरच्या लोकरीत डोकं घातलं. मीही. लक्ष्मक्कानं रुमाल घेतला, तिथंच बसून दोन ओळी परत घातल्या आणि नखानं तोंड मिटवलं. त्यानंतर आम्ही सगळ्या हळूच दाराकडं सरकून तिच्याकडूनच टोकं मिटवायला शिकलो. मॅडम आमची टोकं ओढायच्या, ती उसवायची नाहीत, आणि त्या म्हणायच्या, "आता माझं शिकवणं दिसायला लागलं."

त्या वर्षी मॅडमनी प्रदर्शन ठरवलं. विषयही त्यांनीच फोनवर कुठंतरी बघून काढला होता, 'परीकथेतलं विणकाम'. आम्ही बायकांनी चंद्र केले, बेडूक केले, एकीनं शिंग असलेला घोडा केला, तो गाढवासारखा दिसत होता. लक्ष्मक्कानं शाल करायला घेतली.

तिची श्रावणी तेव्हा सात वर्षांची होती. बंद पडलेल्या गिरणीची उंच चिमणी त्यांच्या घरून दिसायची. लक्ष्मक्का तिला सांगायची की पूर्वी त्या चिमणीतून रोज धूर निघायचा. मग आता का निघत नाही? यावर पोरीनंच उत्तर शोधलं होतं. आत एक ड्रॅगन राहायला आला आहे, तो सगळा धूर पिऊन टाकतो. पुढं त्या ड्रॅगनची ड्रॅगनीण झाली, कारण श्रावणीच्या मते बाई असल्याशिवाय एवढी आवराआवर कोण करणार. शाल तिच्यासाठी होती. वाढदिवसाला द्यायची, असं आजीनं कबूल केलं होतं.

आठ महिने लागले. मी चाटी गल्लीतून तिच्याबरोबर जाऊन लोकर आणली होती, त्यामुळं एकेक टप्पा मी पाहिला. पाठीच्या मधोमध विटकरी चिमणी. तिला वेटोळं घालून निळी-हिरवी ड्रॅगनीण, अंगावर एकावर एक बसवलेले खवले, प्रत्येक खवला वेगळा विणलेला. डोकं उजव्या खांद्यावरून गळ्यापाशी यायचं, शेपटी डाव्या खांद्यावरून पुढं येऊन ड्रॅगनिणीच्या तोंडात अडकायची, तीच शालीची गुंडी. खालच्या काठाला पत्र्याची छोटी छोटी घरं. आणि ड्रॅगनिणीच्या नाकात चमकी. लक्ष्मक्कानं स्वतःच्या जुन्या माळेतला लाल मणी काढून तिथं बसवला होता. "आमच्यात बाईच्या नाकात कायतरी पायजे की," म्हणाली.

मी हे लोकरीचं काम पुष्कळ पाहिलं आहे. असं पुन्हा पाहिलं नाही.

प्रदर्शनात दोन दिवस ठेवायला लक्ष्मक्का आधी तयार नव्हती. मीच तिला पटवलं. "दोनच दिवस. लोक बघू देत. मग घेऊन जा." शब्द माझा होता. शाल स्टँडवर लागली आणि खाली पुठ्ठ्यावर अक्षरं आली, 'संकल्पना व मार्गदर्शन : हेमलता मॅडम'. लक्ष्मक्काचं नाव कुठंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोस्टातल्या बाई, हात कुणाचे हे कुणी विचारतं का? दृष्टी कुणाची ते बघतात."

उद्घाटनाला एक माजी नगरसेवक आले होते. हार झाला, दीपप्रज्वलन झालं, निवेदिकेनं सत्कार पुकारला. नारळाचं ताट माझ्या हातात होतं. ताटात शाल नव्हती. जिच्याकडं शाल आणायचं काम होतं ती बाई रिक्षात शाल विसरून आली होती आणि कोपऱ्यात उभी राहून रडायच्या बेतात होती. पाहुणे उभे, फोटोवाला उभा. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं, तीन पावलं टाकून स्टँडपाशी गेल्या, ड्रॅगनीण काढली आणि पाहुण्यांच्या अंगावर घातली. टाळ्या पडल्या. मी ताट पुढं केलं. हे मला लिहायलाच हवं. ताट मी पुढं केलं.

सत्कारात अंगावर घातलेली शाल परत मागत नाहीत. मागितल्याचं आमच्याकडं कुणी ऐकलेलंसुद्धा नसेल. पाहुणे गाडीत बसले, शालीची घडी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर गेली.

लक्ष्मक्का मॅडमकडं गेली. तिचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, ती पोरीची हाय. चार दिसांनी वाडदिवस हाय तिचा."

"अगं वेडी का तू!" मॅडम म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगावर तुझं काम गेलं. तुझ्या पोरीनं ती धुळीत लोळवली असती. दुसरी कर. बोटं आहेत ना तुझी?"

लक्ष्मक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी ताटातलं कुंकू सारखं करत होते.

दुसऱ्या मंगळवारी ती आली नाही. हॉल झाडायचं कामही तिनं सोडलं. मी महिन्यानं घरी गेले तेव्हा तिनं चहा केला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली, आणि शालीचं नावही काढलं नाही. श्रावणीनंच सांगितलं, "ड्रॅगनीण परत चिमणीत गेली. आजी म्हणली, तिला धूर प्यायची सवय हाय." मी भाकरीचा तुकडा परत ताटलीत ठेवला. दुसरी शाल का केली नाहीस, असं मी लक्ष्मक्काला जाताना विचारलं. ती म्हणाली, "केली आस्ती. पर पोरगी म्हणती, ती एकच हाय."

तीन वर्षं गेली. मॅडमना पंच्याहत्तरावं लागलं आणि मंडळानं त्यांचा सत्कार करायचा, असं त्यांनीच ठरवलं. मानपत्राचा मजकूर त्यांनी मला फोनवर सांगून लिहून घेतला. 'निगर्वी' हा शब्द दोनदा आला होता, एक काढू का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "राहू दे, ओघ जातो."

त्याच आठवड्यात त्या माजी नगरसेवकांच्या घरून मंडळासाठी एक मोठं गाठोडं आलं. अशी गाठोडी आमच्या गावात फिरतच असतात. सत्कारात मिळालेल्या शालींनी कपाटं भरली की घरातली बाई त्या पुढच्या सत्कारांसाठी देऊन टाकते. मी एकटीच हॉलमध्ये बसून गाठोडं सोडत होते. किमतीच्या चिठ्ठ्यासुद्धा न काढलेल्या तांबड्या, पांढऱ्या, चौकटीच्या शाली. आणि तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, ड्रॅगनीण. नाकात चमकी होती. एकही खवला सुटला नव्हता.

मी सरळ उठून रिक्षानं लक्ष्मक्काच्या घरी जायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. पण मला ते पुरेना. मला मॅडमचा चेहरा बघायचा होता. भर सभेत ती शाल अंगावर पडताना त्यांना ती ओळखू यावी, रंग उडावा, जीभ टेंभुर्णीला जावी, आणि लक्ष्मक्कानं ते समोर बसून बघावं. मी लक्ष्मक्काला कार्यक्रमाला बोलावलं, श्रावणीला घेऊन ये म्हटलं. कशासाठी ते सांगितलं नाही. मॅडमना मी आयुष्यभर क्षुद्र म्हणत आले. त्या दिवशी मी त्यांच्या पंगतीत मांडी घालून बसले होते.

एप्रिलचा महिना, सकाळी अकराची वेळ. हॉलचे पंखे गरम हवा खाली ढकलत होते. ताट माझ्याच हातात होतं. अध्यक्षीणबाईंनी शाल उलगडली आणि मॅडमच्या अंगावर घालून गुंडी अडकवली. ड्रॅगनिणीचं डोकं बरोबर त्यांच्या हनुवटीखाली आलं. मॅडमनी मान खाली घालून पाहिलं. नीट पाहिलं, चष्मा हातात धरून. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "हे काय पोरकट उचलून आणलंय? जरा दृष्टी नको का माणसाला?" आणि फोटोवाल्याकडं बघून हसल्या.

त्यांनी ओळखलीच नाही.

आठ महिने ती शाल त्यांच्या वर्गात वाढली होती. तिच्याखाली त्यांचं नाव लागलं होतं. स्वतःच्या हातांनी त्यांनी ती दुसऱ्याच्या अंगावर घातली होती. आणि ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. माझा सूड तिथल्या तिथं मेला. न पाहिलेल्या वस्तूची चोरी माणसाच्या तोंडावर कशी दिसणार?

मी रांगांकडं पाहिलं. मधल्या रांगेत श्रावणी उभी राहिली होती, आता दहा वर्षांची. तिचं तोंड उघडलं होतं आणि लक्ष्मक्काचा हात त्या तोंडावर होता.

भाषणं झाली. मॅडमच्या कानांमागून घामाचे ओघळ निघाले होते, मेंदीचा रंग मानेवर उतरत होता. मग बायका रांगेनं फुलं द्यायला वर जाऊ लागल्या. त्या रांगेत लक्ष्मक्काही होती. तिनं फूल दिलं, वाकून नमस्कार केला. मॅडमनी तिलाही ओळखलं नाही.

"मॅडम, लई उकडायलंय की तुमाला," लक्ष्मक्का म्हणाली. "द्या हिकडं ती. मी ठेवते."

मॅडमनी दोन्ही खांदे पुढं केले. लक्ष्मक्कानं शेपटीची गुंडी सोडली, शाल उतरवली, घडी घातली.

"बरं झालं बाई," मॅडम म्हणाल्या. "ठेव कुठंतरी."

"ठेवते की."

ती पायऱ्या उतरली, श्रावणीचा हात धरला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडली. कुणी अडवलं नाही. सत्कारमूर्तीनं स्वतः काढून दिलेली शाल कोण अडवणार? मी ताट खाली ठेवून खिडकीपाशी गेले. बाहेर भाजणारं ऊन होतं. गेटाजवळ श्रावणीनं आजीच्या हातातून घडी ओढून घेतली, ती भर उन्हात अंगावर घेतली आणि शेपटी ड्रॅगनिणीच्या तोंडात अडकवली. शाल तिला आता बेतशीरच होत होती. आजी काहीतरी रागावून बोलत होती, बहुधा काढ म्हणत असावी. पोरगी ऐकत नव्हती. तशाच दोघी बस स्टॉपकडं गेल्या.

आत मॅडम सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहिल्या होत्या. "कला बोटात नसते," त्या माइकवर सांगत होत्या, दोन बोटांनी हवेतून काहीतरी उचलत. "ती दृष्टीत असते."

मी खिडकीपाशीच टाळ्या वाजवायला लागले. इतक्या जोरात की पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागं वळून पाहिलं आणि मग त्यांनीही वाजवल्या. मॅडम थांबल्या. घामेजल्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघून त्यांनी मोठ्या मनानं मान डोलावली, आणि पुढं बोलू लागल्या.